कुंग आडनांवाची कुळकथा

गेल्या महिन्यांत आमचा एक पुतण्या हातांत एक छापील तक्ता घेऊन घरीं आला. आमच्या कुळाच्या वृत्तांताची दुसरी आवृत्ति काढावयाचें कांहीं उत्साही मंडळींनीं मनावर घेतलें असून घरोघरची माहिती गोळा करण्याचें काम त्याच्याकडे आलें आहे. "काका, एवढा तक्ता भरून द्या, आपली शाखा तेवढी राहिली आहे," असें म्हणून त्यानें तो आमच्यापुढें ठेवला. तक्त्यांत मूळ पुरुष, गोत्र, प्रवर, कुलदैवत यांचे रकाने होते. पुत्रांचीं नांवें, शिक्षण व व्यवसाय यांना चांगल्या ऐसपैस ओळी होत्या. आणि शेवटीं 'कन्या' या शब्दापुढें एकच चौकोन असून त्यांत 'संख्या' असें छापलें होतें.

आम्हीं लेखणी हातीं घेतली खरी, पण त्या चौकोनाशीं येऊन थांबलों. आमचे वडील पांच वर्षांचे असतांना त्यांचे आईवडील एकाच सालीं वारले. त्यांना ज्यांनीं वाढविलें, त्यांची मुंज लावली, त्यांना शाळेंत घातलें, त्या त्यांच्या आत्या, म्हणजे आमच्या आजोबांची बहीण. त्या बालविधवा होत्या. चार घरचा स्वयंपाक करून त्यांनीं भाचा मोठा केला, आणि म्हणूनच आमची शाखा आज आहे. वृत्तांताच्या पहिल्या आवृत्तींत या शाखेवर दीड पान मजकूर आहे. त्यांत त्यांचें नांव नाहीं. पणजोबांच्या नांवापुढें 'कन्या २' एवढेंच आहे. त्या दोहोंपैकीं एक त्या. आणि लिहितांना लाज वाटते, परंतु लेखणी थांबली तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं त्यांचें नांव आम्हांसहि ठाऊक नाहीं. सारें घर त्यांना नुसतें 'आत्या' म्हणे.

पुतण्याला पंधरा दिवसांनीं ये असें सांगितलें, आणि जगांतील सर्वांत लांब म्हणून जिचा लौकिक आहे त्या वंशावळीची हकीकत वाचावयास घेतली. ती चीनमधील कुंग घराण्याची. अडीच हजार वर्षें जपलेल्या त्या दप्तरांत अशा बायकांची सोय कशी लावली आहे, एवढेंच पाहावयाचें होतें. त्या वाचनांत जें हातीं आलें तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

चिनी माणसाचें आडनांव आधीं व स्वतःचें नांव मागून येतें, हें लक्षांत ठेवलें म्हणजे पुढें घोंटाळा होणार नाहीं. ज्या तत्त्ववेत्त्याला आपण कन्फ्यूशियस म्हणतों त्याचें नांव कुंग च्यू. पैकीं 'कुंग' हें आडनांव. लोक त्याला आदरानें कुंग-फूत्स, म्हणजे कुंग गुरुजी, म्हणूं लागले. चीनमध्यें गेलेल्या जेसुइट पाद्र्यांनीं या शब्दाला लॅटिन शेपूट जोडून 'कन्फ्यूशियस' केलें, व १६८७ सालीं पॅरिसमध्यें निघालेल्या त्यांच्या लॅटिन ग्रंथामुळें तें युरोपभर रूढ झालें. चिनी व्यायामविद्येला लावतात त्या 'कुंगफू' शब्दाचा मात्र या आडनांवाशीं कांहींएक संबंध नाहीं. चिनी लिपींत ते शब्द निराळ्या चिन्हांनीं लिहितात.

चिनी आडनांवांच्या मुळाशीं दोन शब्द आहेत: 'सिंग' व 'शी'. सिंग म्हणजे मूळ कुळ, बरेचसें आपल्या गोत्रासारखें. शी म्हणजे त्या कुळाला पुढें फुटलेली शाखा, आपल्या आडनांवासारखी. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीं चौ वंशाचें राज्य सुरू झालें, त्या काळीं हीं दोन्ही केवळ थोर घराण्यांचीं भूषणें होतीं. शेतकऱ्याला यांपैकीं कांहींच नसे. पुरुष आपली शी सांगत, कारण तिच्यावरून दर्जा कळे. स्त्रियांच्या नांवांत मात्र सिंग येई, कारण विवाह जुळवितांना दोन्ही पक्षांचें कुळ एक कीं निराळें हें पाहावें लागे. एका सिंगमधील वधूवरांचा विवाह निषिद्ध होता. सगोत्र विवाहाच्या निषेधांत ज्यांच्या पिढ्या गेल्या त्या आमच्या वाचकांना हें समजावून सांगावयास नको. पुढें थांग वंशाच्या कायद्यांत तर एकाच आडनांवाच्या वधूवरांनीं लग्न केल्यास दोन वर्षें सक्तमजुरीची शिक्षा सांगितली आहे.

आतां लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं 'सिंग' हा शब्द ज्या चिन्हानें लिहितात त्याचे दोन भाग आहेत. एकाचा अर्थ स्त्री व दुसऱ्याचा जन्म. ची, चिआंग, यिंग या अतिप्राचीन कुळनामांच्या चिन्हांतहि स्त्रीचें चिन्ह आहे. त्यावरून एके काळीं तेथें कुळ आईकडून मोजीत असावेत असें कित्येक पंडित म्हणतात, कित्येकांना तें मान्य नाहीं. तो वाद त्यांचा ते मिटवितील. परंतु आडनांव या शब्दाच्या चिन्हांतच स्त्री बसलेली आहे, ही गोष्ट कोणालाहि डोळ्यांनीं दिसण्यासारखी आहे. आपल्याकडे हें अगदींच अपरिचित नाहीं. बृहदारण्यकोपनिषदाच्या शेवटीं जी गुरुपरंपरा आहे तींत पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र, गौतमीपुत्र अशीं आचार्यांचीं नांवें आयांवरून दिलीं आहेत. आणि प्रतिष्ठानचा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी व त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी हे दोघेहि आईचें गोत्रनाम आपल्या नांवापुढें मिरवीत.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत चिन वंशानें सारा देश एका छत्राखालीं आणला, जुनीं सरदारघराणीं मोडलीं, आणि पुढें हान वंशाच्या काळांत सिंग व शी हा भेद पुसून गेला. राहिलें तें एकच आडनांव, आणि तें सर्व प्रजेला मिळालें.

कुंग ही मुळांत अशीच एक शी. तिचें मूळ कुळ 'त्स', म्हणजे चौ वंशापूर्वीं राज्य करणाऱ्या शांग राजांचें कुळ. चौ राजांनीं शांगांचें राज्य घेतलें, परंतु त्यांच्या पितरांची पूजा बंद पडूं नये म्हणून त्या वंशांतील एकाला सुंग नांवाचें मांडलिक राज्य दिलें. (यानंतर दोन हजार वर्षांनीं याच नांवाचा सम्राटवंश झाला, तो निराळा.) या सुंग राज्यांत चंग खाओफू नांवाचा मंत्री होऊन गेला. त्यानें तीन राजांची सेवा केली, आणि जसजशी त्याची बढती होई तसतसा तो अधिक लवून चाले, अशी त्याची ख्याति होती. त्याचा मुलगा कुंगफू चिआ हा सेनापति झाला. पैकीं चिआ हें नांव व कुंगफू हें उपनांव. आडनांवाचा उगम या उपनांवांत आहे.

तो उगम रक्तांत माखलेला आहे. इ. स. पूर्व ७१० मध्यें सुंग राज्यांतील हुआ दू नांवाच्या दुसऱ्या मंत्र्यानें कुंगफू चिआची बायको रस्त्यानें जातांना पाहिली, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तो पाहतच राहिला. पुढें त्यानें चिआवर हल्ला करून त्याला ठार मारलें व त्या स्त्रीला पळविलें. राजा रागावला, तेव्हां भीतीनें त्यानें राजालाहि मारलें. 'त्सो चुआन' या प्राचीन इतिहासग्रंथांत ही हकीकत आहे. चिआच्या वंशजांनीं त्याच्या उपनांवांतील 'कुंग' हा शब्द आपल्या शाखेचें नांव म्हणून घेतला. म्हणजे हें आडनांव मुळांत एका मारल्या गेलेल्या पुरुषाचें स्मरण आहे. त्या स्त्रीचें काय झालें? ती सुंदर होती हें ग्रंथकारानें नोंदविलें आहे. तिचें नांव नोंदविलेलें नाहीं.

हुआ दू याचेंहि कूळ राहिलें, हें येथेंच सांगून टाकतों. सुंग सम्राटांच्या काळीं 'शंभर कुळांचीं आडनांवें' नांवाचें एक पुस्तक मुलांना पाठ करण्यासाठीं तयार झालें. त्यांत पंचविसावें आडनांव कुंग आणि अठ्ठाविसावें हुआ. हजार वर्षें चिनी मुलें मारणाऱ्याचें व मरणाऱ्याचें नांव एका दमांत घोकीत आलीं. पोरांच्या तोंडीं वैर टिकत नाहीं, हें आम्हां शाळामास्तरांना ठाऊक आहेच.

चिआचे वंशज पुढें सुंग राज्य सोडून शेजारच्या लू राज्यांत आले. लू म्हणजे आजच्या शांतुंग प्रांताचा एक भाग, व त्याची राजधानी च्यूफू. तेथें शू-ल्यांग ह हा शूर परंतु उतारवयाचा शिपाईगडी राहत असे. यन घराण्यांतील चंगत्साइ नांवाच्या तरुणीशीं त्याचा संबंध जुळला, व तिच्या पोटीं इ. स. पूर्व ५५१ मध्यें कुंग च्यू जन्मला. मूल तीन वर्षांचें असतांना बाप वारला. पुढें त्या मुलाला वाढविलें, शिकविलें तें आईनें, गरिबींत. तिनें बापाची समाधि कोठें आहे हें मुलाला सांगितलें नव्हतें. ती वारली तेव्हां आईला बापाजवळ पुरावें असें कुंग च्यूच्या मनांत आलें, पण जागा ठाऊक नव्हती. म्हणून त्यानें शवपेटी एका चव्हाट्यावर तात्पुरती ठेविली. अखेरीस गांवांतील एका म्हाताऱ्या बाईनें ती जागा दाखविली, आणि मायबाप एके ठिकाणीं विसावले. स-मा च्यन या इतिहासकारानें हें दोन हजार वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें आहे. पितृपूजेचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता आपल्या बापाची समाधि शोधीत होता, आणि ती सांपडली एका म्हातारीच्या आठवणींत! त्या म्हातारीचीहि नोंद 'अमक्याची आई' अशीच आहे.

इ. स. पूर्व ४७९ मध्यें कन्फ्यूशियस वारला तेव्हां तो एक बिनकामाचा राहिलेला मास्तर होता. थोरवी मागून आली. इ. स. पूर्व १९५ मध्यें हान वंशाच्या संस्थापक सम्राटानें च्यूफूला येऊन त्याची पूजा केली, आणि तेव्हांपासून त्याच्या वंशजांना मानपान मिळूं लागले. १०५५ सालीं सुंग सम्राट रनत्सुंग यानें सेहेचाळिसाव्या पिढीच्या वंशजाला 'यनशंग कुंग' ही सरदारकीची पदवी दिली. (या पदवींतला 'कुंग' म्हणजे सरदार, आडनांवाशीं त्याचें केवळ उच्चारसाम्य आहे.) राजवंश आले व गेले, मंगोल आले, मांचू आले, पण ती पदवी १९३५ पर्यंत चालली. जमिनी मिळाल्या, वेठबिगार माफ झाली. आणि जेथें माफी आली तेथें आडनांवाला मोल आलें, व जेथें मोल आलें तेथें खोटें नाणेंहि आलें.

तें खोटें नाणें म्हणजे कुंग मो. घराण्याचें दप्तर सांगतें कीं हा मूळचा ल्यू आडनांवाच्या सेवकाचा वंशज. पूर्वजांनीं धन्याचें आडनांव घेतलेलें. थांग वंश बुडून देशांत बेबंदशाही माजली तेव्हां, ९१३ सालीं, त्यानें बेचाळिसाव्या पिढीच्या मुख्य पुरुषाला मारलें व स्वतः कन्फ्यूशियसचा वारस बनून बसला. मृताचा मुलगा कुंग रन-यू केवळ नऊ महिन्यांचा होता. आई त्याला घेऊन आपल्या माहेरीं, चांग कुळांत, पळाली. मारेकरी तेथेंहि आले. तेव्हां त्या घरच्या आजीनें आपल्या स्वतःच्या मुलाला कुंग बाळाचे कपडे घातले व त्याला पुढें केलें. मारेकरी तें मूल मारून गेले. कोणी हिला आजी म्हणतात, कोणी दाई म्हणतात. कथेचीं रूपें निरनिराळीं आहेत, परंतु चांगांच्या घरचें मूल गेलें व कुंगांचें वांचलें हें सर्वत्र सारखें आहे. मेवाडच्या पन्ना दाईची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगणें नको. रन-यू मोठा झाला, ९३० सालीं सम्राटाच्या कानावर खरी हकीकत गेली, कुंग मोला देहांत शासन झालें, व रन-यूला त्याचें स्थान परत मिळालें. घराण्यांत त्याला 'पुनरुद्धारक पूर्वज' म्हणतात. आज च्यूफूच्या मुख्य शाखेचा म्हणून जो कोणी आहे तो त्या एका बालकापासून. कुंगांनीं चांग घराण्याचा मान पुढें पिढ्यान्‌पिढ्या राखला, हें त्यांच्या लौकिकाला शोभेसेंच झालें.

यानंतर दप्तर कडक झालें. कुंग मोच्या वंशजांना 'बाहेरचे कुंग' ठरवून त्यांना वंशावळींत मज्जाव झाला. दर साठ वर्षांनीं थोरली व तीस वर्षांनीं धाकटी दुरुस्ती करावी असा दंडक पडला. परक्या आडनांवाचा दत्तक, मठांत गेलेला संन्यासी, हलका धंदा पत्करलेला, यांचीं नांवें गाळावयाचीं. आणि मुली? त्यांना गाळण्यासाठीं निराळा नियम करावा लागला नाहीं. त्यांचीं नांवें घेतच नसत.

कुंग कुळांतील माणसाच्या नांवावरून त्याची पिढी ओळखतां येते, हीहि मोठी मौजेची व्यवस्था आहे. मिंग काळापासून प्रत्येक पिढीला एक शब्द नेमून दिला आहे, आणि त्या पिढीच्या सर्वांनीं तो आपल्या नांवांत घालावयाचा. 'पुष्पपंखा' या विख्यात नाटकाचा कर्ता कुंग शांग-रन (१६४८–१७१८) याच्या नांवांत 'शांग', म्हणून तो चौसष्टावा. च्यांग काय-शेकच्या सरकारांतील अर्थमंत्री कुंग सिआंग-सी (मृत्यु १९६७) याच्या नांवांत 'सिआंग', म्हणून तो पंचाहत्तरावा. शहात्तराव्या पिढीला 'लिंग', सत्त्याहत्तराव्या पिढीला 'ते'. आणि एकशेपांचाव्या पिढीपर्यंतचे शब्द आजच ठरलेले आहेत! दोन अनोळखी कुंग भेटले तर वय विचारीत नाहींत, पिढी पाहतात. त्यामुळें एखादा पिकल्या केंसांचा गृहस्थ कॉलेजांतल्या पोराला काका म्हणतो.

घराण्याला फांटेहि फुटले. उत्तरेकडून चिन टोळ्यांची स्वारी आली तेव्हां अठ्ठेचाळिसाव्या पिढीचा मुख्य वारस सुंग सम्राटाबरोबर दक्षिणेस गेला व चेक्यांग प्रांतांतील च्यूचौ येथें राहिला. च्यूफूला मागें राहिलेल्या भाऊबंदांतून उत्तरेची गादी चालू झाली. पुढें १२८२ सालीं कुब्लाई खानानें दक्षिणेच्या वारसाला च्यूफूची गादी देऊं केली. त्यानें ती नाकारली. दक्षिणेंत आमच्या पूर्वजांच्या समाधि झाल्या आहेत, त्या सोडून जाववत नाहीं, हें त्यानें कारण दिलें. भाऊबंदकीच्या इतिहासांत असलें पान क्वचितच सांपडतें. एक शाखा १३५१ सालीं कोरियाच्या राजाशीं विवाह झालेल्या मंगोल राजकन्येबरोबर त्या देशांत गेली, आणि तेथील वंशज आजहि आपलें मूळ गांव च्यूफू असेंच सांगतात.

आडनांवाचें ओझें कसें असतें तें लू शुन या लेखकानें १९१९ सालीं दाखविलें. त्याच्या 'कुंग यी-ची' या गोष्टींतला नायक जन्मभर परीक्षा नापास झालेला पंडित आहे. अंगांत पंडिताचा लांब झगा, पण फाटका. गुत्त्यांत मजुरांबरोबर उभ्यानें पितो, आणि जुन्या ग्रंथांतलीं वाक्यें बोलतो म्हणून लोक हंसतात. पुस्तकें चोरण्याबद्दल शेवटीं त्याचे पाय मोडतात. लेखकानें त्याला दुसरें कोणतेंहि आडनांव देतां आलें असतें. आम्हां संस्कृत शिकविणाऱ्यांना ही गोष्ट वाचतांना हंसूं येत नाहीं.

त्याच सुमारास च्यूफूच्या वाड्यांत निराळें नाटक चाललें होतें. शहात्तरावा वारस कुंग लिंग-यी १९१९ सालीं वारला, त्या वेळीं त्याची एक पत्नी गरोदर होती. मुलगा झाला तरच गादी चालावयाची. मुलांची अदलाबदल होऊं नये म्हणून बाळंतिणीच्या खोलीभोंवतीं शिपायांचा पहारा बसला. १९२० सालीं मुलगा झाला. तोच कुंग ते-चंग. शंभर दिवसांचा असतांना तो सरदार झाला. त्याला जन्म देणारी वांग आडनांवाची ती माता सतरा दिवसांनींच वारली. मुलाला तिच्याच पोटची एक थोरली बहीण होती, १९१७ सालीं जन्मलेली. तिचें नांव ते-माओ. सत्त्याहत्तराव्या पिढीचा 'ते' हा शब्द भावाच्या नांवांत आहे, तसाच बहिणीच्याहि. परंतु १९३७ सालीं वंशावळीची थोरली आवृत्ति पुरी झाली, तींत साडेपांच लाखांवर नांवें आलीं, आणि रीतीप्रमाणें तीं सारीं पुरुषांचीं. भाऊ त्या ग्रंथाचा धनी, आणि बहिणीला त्यांत ओळ नाहीं.

१९४९ सालीं भाऊ तैवानांत गेला, बहीण चीनमध्यें राहिली. १९६६ च्या नोव्हेंबरांत लाल रक्षक म्हणविणारे तरुण च्यूफूला आले. त्यांनीं कन्फ्यूशियसच्या समाधीवरील शिळा फोडली, थडगीं उकरलीं, कुंग लिंग-यीचें प्रेतहि बाहेर ओढलें. १९७४ सालीं कन्फ्यूशियसविरुद्ध देशभर मोहीम निघाली, तींत त्याला 'कुंगांचा दुसरा पोरगा' असें हिणवीत. ज्या आडनांवानें वेठ चुकत असे तें आतां लपवावेंसें वाटण्याचे दिवस आले. तीं वर्षें सरलीं. वाडा, मंदिर व लक्षावर थडग्यांचें तें कुंगांचें स्मशानवन १९९४ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलें. पण त्याच्या आधीं, १९९० सालीं, जपानमध्यें ते-चंग व ते-माओ हीं भाऊबहीण बेचाळीस वर्षांनीं एकमेकांस भेटलीं होतीं. वाड्यांतल्या बाळपणाच्या आठवणी लिहून ठेवल्या त्याहि बहिणीनेंच. आईचें मरण, पहारे, सावत्रपण, घराच्या आंतली सारी हकीकत आज जगाला ठाऊक आहे ती तिच्या पुस्तकामुळें. वंशावळीच्या शेंकडों खंडांत त्यांतलें अक्षर नाहीं.

ते-चंग २००८ सालीं वारले, व तैवानांतील पूजाधिकार त्यांचा नातू कुंग च्वेइ-चांग याच्याकडे गेला. तो एकुणऐंशिव्या पिढीचा. २००९ सालीं वंशावळीची नवी थोरली आवृत्ति निघाली: ८० खंड, ४३ हजार पृष्ठें, वीस लाखांहून अधिक नांवें. आणि तींत, इतक्या पिढ्यांनंतर प्रथमच, स्त्रियांचीं नांवें घेतलीं. तें पाहावयास ते-माओ हयात होत्या. त्या वारल्या २०२१ सालीं, एकशेचार वर्षांच्या होऊन.

खरे कुंग कोण हें आतां आनुवंशिक तपासणीनें ठरवावें, असें कित्येक शास्त्रज्ञांनीं सुचविलें होतें. वंशावळीच्या मंडळींनीं तें मानलें नाहीं, कागदपत्रांवरच भिस्त ठेवली. आमच्या मतें त्यांनीं ठीक केलें. त्या तपासणींत बापाकडून मुलाकडे जाणारी एकच रेघ पाहतात. चंगत्साइनें गरिबींत मुलाला शिकविलें, चव्हाट्यावर एक म्हातारी बोलली, चांगांच्या आजीनें स्वतःचें मूल पुढें केलें, यांपैकीं कांहींच त्या रेघेंत दिसणार नाहीं. आणि हें जर वजा केलें तर कुंग नांवाची ती रेघ तरी कोठपर्यंत पोंचली असती?

पंधरा दिवस संपावयाच्या आधीं आम्हीं आमच्या वडिलांच्या चुलतबहिणीला दूरध्वनि केला. त्यांचें वय नव्वदीच्या पुढें. ऐकूं कमी येतें. आम्हीं तीनदां ओरडून विचारलें, "आत्यांचें माहेरचें नांव काय होतें हो?" पलीकडे थोडा वेळ शांत होतें. मग त्यांनीं तें नांव सांगितलें, आणि म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत कोणी विचारलें नव्हतें रे."

तक्त्यांतल्या त्या चौकोनावर आम्हीं एक कागद डकविला आहे. त्यावर आत्यांचें नांव, त्यांनीं काय केलें तें चार ओळींत, आणि खालीं आमच्या बहिणींचीं व मुलींचीं नांवें शिक्षणासह लिहिलीं आहेत. पुतण्या म्हणाला, "काका, छापतांना हें रकान्यांत बसणार नाहीं." आम्हीं म्हटलें, "मग रकाना मोठा करा. कुंगांनीं केला आहे." तो हंसला, पण कागद जपून घेऊन गेला. आत्यांचें नांव येथें देत नाहीं. तें प्रथम त्याच्या जागीं, वृत्तांतांत, छापलें जावें अशी आमची इच्छा आहे. ज्या वाचकांच्या घरीं असा तक्ता येईल त्यांना एकच विनंति: तो भरण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांत वृद्ध बाईला एकदां विचारून घ्यावें, आणि हें काम पुढच्या आवृत्तीवर टाकूं नये.